शिवणीतून पाणी येत नाही का?

आमच्या इंदूरच्या रामबागेत कुणीही माझं पावसाळी जॅकेट हातात घेतलं, की ते उलटसुलट करून पाहतं आणि विचारतं, "काकू, सगळं खरं, पण सुईची भोकं पडतात ना? त्यातून पाणी नाही येत?"

तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. येतं. चार्ल्स मॅकिंटॉशने दोन कापडांच्या मधे रबर घालून जलरोधक कापड केलं आणि 1823 साली त्याचं पेटंट घेतलं, तेव्हापासूनची ही रड आहे. कापड पाणी अडवायचं आणि शिंप्याची सुई त्याला वाट करून द्यायची. म्हणून पाणी जिथे साचतं, तिथे मी शिवणच येऊ देत नाही.

म्हणजे खांद्यावर. कुशीच्या शिवणीवरून पाणी ओघळून जातं, थांबत नाही. खांद्यावर ते थांबतं, आणि वरून पर्सचा पट्टा त्याला आत दाबतो. रेडिमेड जॅकेटांची शिवण बहुतेक वेळा नेमकी तिथेच असते. जुन्या पद्धतीचा सदरा आठवा. पाठ आणि पुढा एकाच सलग कापडाचा, मधे गळा कापलेला, बाह्या सरळ जोडलेल्या आणि काखेत एक चौकोनी तुकडा. खांद्यावर शिवण नाहीच. माझं जॅकेट म्हणजे हाच बेत, फक्त पुढून उभा चिरून चेन लावलेली आणि चेनवर झाकणपट्टी. बाहीची शिवण दंडावर उतरते. टोपी मी लावत नाही, स्कूटीवर हेल्मेट असतंच.

काखेतला चौकोन मात्र जाळीच्या कापडाचा. इंदूरला जूनमध्ये पाऊस आला तरी उकाडा लगेच हटत नाही, आणि कोटिंगच्या कापडातून घामाची वाफ फारशी बाहेर पडत नाही. मग आतला सदरा ओला होतो आणि माणूस म्हणतो, जॅकेट गळतंय. पुष्कळदा तो त्याचाच घाम असतो. काखेत पाऊस सहसा लागत नाही, हवा मात्र खेळते. शिवाय हँडल धरायला हात पुढे केला की पाठ ताणत नाही, हा त्या चौकोनाचा मूळचा गुण.

कापड आतून पॉलियुरेथेनचं कोटिंग असलेलं पातळ नायलॉन. 58 इंच पन्ह्याचं अडीच मीटर मला पुरतं. महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटात नुसतं 'वॉटरप्रूफ' म्हटलं, तर बॅगेचं जाडजूड कापड समोर येतं. ते नको. पातळ कापड तोंडाशी घट्ट धरायचं, फुंकर मारायची आणि पलीकडे तळहात धरायचा. हाताला हवा लागली तर ते पाणीही सोडणार. दुकानदार चमत्कारिक नजरेने बघतो, बघू दे. थेंब वरून घरंगळतो का, यावर जाऊ नका. तो वरच्या लेपाचा प्रताप असतो, आणि वापरात, धुण्यात तो लेप कमी होत जातो.

शिवताना घाई नको, कारण या कापडात भोक पडलं की पडलं. टाचण्या बंद, कच्चा धावदोराही बंद. मी कपडे वाळत घालायचे छोटे चिमटे लावते. सुई नवी, 9 किंवा 11 नंबरची. दोरा पॉलिएस्टरचा. टाका 3 मिलिमीटरचा, कारण टाका बारीक केला की भोकं वाढतात आणि शिवणीच्या रेषेवरच कापड फाटतं. कोटिंगची बाजू वर आली की मशीनच्या प्रेसर फूटला, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या पायाला, चिकटते आणि कापड जागीच गोळा होतं. त्यावर बटर पेपरची पट्टी ठेवून शिवायचं, मग पट्टी फाडून काढायची. कर्रकर्र आवाज होतो, बाकी काही नाही.

दंडावर जीन्सच्या पायाला असते तशी दुमडून दुहेरी शिलाई घालते. त्यात वरचा भाग खालच्यावर यायला हवा, छपरावर कौलं येतात तसा. उलट झालं तर घडीत पाणी धरतं. मग आतून, कोटिंगच्या बाजूने, इस्त्रीने चिकटणारी सीम टेप, म्हणजे शिवणीची भोकं झाकणारी पट्टी. इस्त्री मंद, मधे सुती फडकं, आणि आधी कातरणावर चाचणी, कारण नायलॉन वितळतं. कापडाला सिलिकॉनचा लेप असेल तर ही टेप धरत नाही, तिथे सिलिकॉनचंच सीलंट, म्हणजे भोकं बुजवणारा लेप, बोटाने शिवणीवर भरावं लागतं. कुशीच्या शिवणीला मी टेप लावतच नाही. माझी बहीण लावते. लावू दे, तिला वेळ आहे.

एवढं ऐकून झालं की दुसरा प्रश्न येतो, "मग मला एक शिवून द्याल?" बेतून देईन, शिवूनही देईन. टेप मात्र तुमची तुम्ही इस्त्री करायची.