वॉरम्बंगलच्या अंधारात तीन रात्री: बाहेरचे दिवे आणि शंभर एएचची बॅटरी

सिडनीहून कूनाबॅराब्रन साधारण साडेचारशे किलोमीटर. मागे कॅम्पर ट्रेलर असला की सहा तासांचे सात होतात. जुलैत सूर्य सव्वापाचच्या सुमारास मावळतो, म्हणून पहाटेच निघा. आम्ही उशिरा निघालो आणि वॉरम्बंगल उद्यानातल्या कॅम्प ब्लॅकमन या तळावर पोचेपर्यंत मिट्ट काळोख झाला होता. वीजजोडणीच्या जागा आधीच भरल्या होत्या, म्हणजे सगळं ट्रेलरच्या बॅटरीवर. ट्रेलर सरळ लावायचा, त्याचे आधाराचे पाय टेकवायचे, ऑनिंग (बाजूचं कापडी छप्पर) उघडायची, सोबत पुण्याहून आलेली आई. साहजिकच बाहेरचा एकूण एक दिवा लावला.

वॉरम्बंगल राष्ट्रीय उद्यान 2016 साली ऑस्ट्रेलियातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपणारं उद्यान, ठरलं. शेजारच्याच डोंगरावर सायडिंग स्प्रिंग वेधशाळा आहे, 3.9 मीटर आरशाच्या दुर्बिणीची. तिथे लोक अंधार शोधत येतात. शेजारी दुर्बीण मांडून बसलेले एक आजोबा नऊच्या सुमारास आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले की तुमच्या ऑनिंगवरच्या एलईडी पट्टीच्या उजेडाने आम्हा चौघांची रात्र गेली. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एका पांढऱ्या झोताने ती सगळी वाया जातात. मला फार वाईट वाटलं. पट्टी लगेच बंद केली. पलीकडच्या बाजूचे दोन दिवे मात्र आईला रात्री बाथरूमला जायला हवेत म्हणून तसेच ठेवले.

सकाळी फ्रिज बंद पडलेला आणि बॅटरी 11.9 व्होल्टवर, म्हणजे पार उतरलेली. बाहेर गवतावर दव गोठलं होतं.

चहा घेत हिशोब मांडला. ऑनिंगची एलईडी पट्टी पाच मीटरची, मीटरला 14.4 वॅट, म्हणजे 72 वॅट. बारा व्होल्टवर सहा अँपिअर. तीन तासांत 18 एएच (अँपिअर-तास) गेले. बाहेरचे दोन दिवे मिळून दोन अँपिअर, बारा तास: 24. फ्रिजचे तेरा-चौदा, डिझेल हीटरच्या पंख्याचे पंधरा. बेरीज सत्तरच्या वर. आमची बॅटरी एजीएम, म्हणजे सीलबंद शिसे-आम्लाची, शंभर एएचची. तिच्यातून निम्म्यापेक्षा जास्त काढलं की तिचं आयुष्य घटतं, म्हणजे हाताशी खरे पन्नासच. थंडीत त्याहून कमी. एलईडी म्हणजे वीज लागतच नाही अशी आपली समजूत असते. एका लहान दिव्यापुरती ती ठीक आहे, पाच मीटर पट्टीला नाही.

पुढचे दोन दिवस जे केलं, ते तुम्ही पहिल्याच रात्री करा. पट्टी बंदच. पायरीखाली गुडघ्याच्या खाली एक लहान पिवळसर दिवा, तोंड जमिनीकडे, डिमरवर अगदी मंद. पिवळ्या उजेडावर किडेही कमी येतात, उन्हाळ्यात हे फार कामाचं. आईच्या टॉर्चला लाल सेलोफेन दुहेरी गुंडाळून रबरबँड लावला; लाल उजेडाने सरावलेले डोळे फारसे बिघडत नाहीत, आणि आई म्हणाली की रस्ताही नीट दिसतो. खिडक्यांना आतून जाड कापड. एक गोष्ट हमखास विसरली जाते: गाडी रिमोटने उघडली की इंडिकेटर चमकतात आणि आतला दिवा लागतो. अंधार पडायच्या आत लागेल ते सामान काढून घ्या, आतला दिवा स्विचवरून बंद ठेवा.

बाहेर शून्याच्या आसपास तापमान असताना फ्रिज रात्री दहा ते सात बंद ठेवला, दूध खराब झालं नाही. हीटर झोपण्यापूर्वी तासभर आणि सकाळी थोडा वेळ. दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी तासभर चालू ठेवून डीसी-डीसी चार्जरने (तो गाडीच्या विजेवर ट्रेलरची बॅटरी भरतो) बॅटरीला हात दिला. बाकी सगळं 120 वॅटच्या सोलर पॅनेलवर भागलं. इथे सूर्य उत्तरेकडून जातो आणि जुलैत भर दुपारीही निम्म्या आभाळापर्यंत चढत नाही, त्यामुळे पॅनेल आडवं ठेवून उपयोग नाही. उत्तरेकडे तोंड करून चांगलं उभं करा आणि दिवसातून तीनदा फिरवा. आम्हाला रोज तीसेक एएच मिळाले. लिथियम बॅटरीवाल्यांनी लक्षात ठेवा, ती शून्याखाली चार्ज करायची नसते. सकाळी तिला ऊब येऊ द्या. व्होल्टेज बघायचं ते पॅनेल आणि दिवे बंद करून, थोडा वेळ थांबून. चार्जिंग चालू असतानाचा आकडा फसवतो. तिसऱ्या सकाळी आमचा 12.4 होता, म्हणजे बॅटरी ठीक.

ते दिवस दीप अमावस्येचे होते. आईने आणलेला पितळी दिवा ट्रेलरमध्ये, पडदे लावून, पुजला. कणकेचे गोड दिवे झाले, मग ज्योत शांत झाल्यावर आम्ही बाहेर खुर्च्या टाकल्या. पुण्यात वृश्चिक दक्षिणेला खाली दिसतो. इथे त्याच्या शेपटीतलं मूळ नक्षत्र थेट डोक्यावर होतं आणि आकाशगंगा क्षितिजापासून क्षितिजापर्यंत. आई ज्येष्ठा ओळखून मुलीला दाखवत राहिली. पहाटे पाचला तिनेच मला उठवलं. दक्षिणेला दोन फिकट ढग होते, हलत नव्हते. मॅजेलनचे ढग. महाराष्ट्रातून ते दिसत नाहीत, तिने आयुष्यात पहिल्यांदा पाहिले. शेजारच्या आजोबांनी तिला दुर्बिणीपाशी बोलावलं, आणि ती लाल टॉर्च घेऊन एकटीच गेली.