टॅग लावलेला मासा पोहतो कसा?

"मासाना पोटमा मशीन टाकं तं मंग तो पवी कसा?" तापीकाठच्या प्रकाशा गावच्या घाटावर भोई मंडळी मला हे अहिराणीत विचारतात, कॉलेजातली पोरं प्रमाण मराठीत. लांबचा प्रवास करणाऱ्या माशांना टॅग, म्हणजे ठावठिकाणा कळवणारं छोटं यंत्र, लावून त्यांचा माग काढतात, हे मी वर्गात शिकवतो, म्हणून प्रश्न माझ्याच गळ्यात पडतो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: पोहतो, पण फुकटात नाही. आणि किती मोजावं लागतं, हे टॅगच्या वजनाइतकंच तो कुठे बसवलाय यावर ठरतं.

वजनाचा नियम सगळ्यांना तोंडपाठ. टॅग माशाच्या वजनाच्या २ टक्क्यांवर जाऊ नये. अर्ध्या किलोच्या माशाला फार तर १० ग्रॅम. नियम सोयीचा आहे, पण काळ्या दगडावरची रेघ नव्हे. १९९९ साली ब्राउन आणि सहकाऱ्यांनी रेनबो ट्राउटच्या पिल्लांत त्यांच्या वजनाच्या ६ ते १२ टक्के भरतील असे टॅग बसवले, तरी पोहण्याच्या क्षमतेत फरक दिसला नाही. पोरं हे ऐकून खूश होतात. मी होत नाही, कारण ती परीक्षा कशी घेतात ते बघा. माशाला पाण्याच्या बोगद्यात सोडायचं, प्रवाह टप्प्याटप्प्याने वाढवायचा, आणि थकून तो मागच्या जाळीला टेकला की वेग लिहून घ्यायचा. काही तासांचा खेळ. प्रवास महिनोन्‌महिन्यांचा असतो.

खरी मेख बाहेरून लटकणाऱ्या टॅगमध्ये आहे. उपग्रहाशी बोलणारा टॅग पोटात ठेवून चालत नाही. तो ठरल्या वेळी सुटून पाण्यावर यावा लागतो, म्हणून पाठीवरच बांधतात. डोक्यावर गाठोडं घेऊन चालणं वेगळं आणि उलट्या वाऱ्यात छत्री उघडी धरून सायकल हाणणं वेगळं. हा टॅग म्हणजे ती छत्री. पाण्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे मासा जितकी घाई करेल तितका भुर्दंड जास्त.

२०११ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी हे मोजलं. सुमारे ६० सेंटिमीटरच्या ९ युरोपीय ईल आधी मोकळ्या पोहवल्या, मग लहान केलेला नकली टॅग बांधून. टॅगसह तेवढंच अंतर कापायला लागणारी किमान ऊर्जा २६ टक्क्यांनी वाढली आणि कमाल वेग घटला. स्वस्थ असतानाचा प्राणवायूचा खर्च मात्र बदलला नाही. म्हणजे दोष पाण्याच्या अडथळ्याचा. (ही ईल म्हणजे आपली काटेरी वाम नव्हे. वाम गोड्या पाण्यातली. ही नद्या सोडून अटलांटिकपार सारगॅसो समुद्रात अंडी घालायला जाते.) वाटेत ती काही खात नाही, अंगातल्या चरबीवर हजारो किलोमीटर काढते. तिथे २६ टक्के ही चेष्टा नाही.

आता यातली गोम. आयर्लंडहून सोडलेल्या टॅगवाल्या ईल दिवसाला सरासरी १३.८ किलोमीटर गेल्या, असं २००९ मध्ये छापून आलं. वेळेत पोहोचायला लागत होते ३५. मग ईलच मंद, की पाठीवरच्या ओझ्याने मंद? त्या आकड्यावरून दोन्ही सांगता येतं. टॅगवाल्या माशाचा वेग हा टॅगवाल्या माशाचाच वेग असतो, हे मी पोरांना वहीत लिहायला लावतो.

पोटातला टॅग यापेक्षा बरा, पण त्याचंही एक लफडं आहे. जादा वजन पेलायला मासा वाताशयात, म्हणजे हवेच्या पिशवीत, जास्त हवा धरतो. धरणाच्या टर्बाइनमधून जाताना दाब झटकन उतरला की ती हवा फुगते, आणि टॅगने जागा आधीच अडवलेली असते. अमेरिकेतल्या कोलंबिया नदीच्या सॅमन पिल्लांवरच्या प्रयोगांत टॅग असलेली पिल्लं अशा वेळी जास्त दगावली. म्हणूनच तिकडे सुईने आत सोडता येईल असा, जेमतेम ०.२ ग्रॅमचा टॅग बनवला गेला.

तापीत असं काही करायचं झालं, पुरात वर चढणाऱ्या माशांना टॅग लावून हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडल्यावर ते कुठे जातात हे बघायचं म्हटलं, तर मी पोटातलाच टॅग मागेन, आणि त्याआधी त्याच जातीचे मासे टाकीत, टॅगसह आणि टॅगशिवाय, आठवडेच्या आठवडे पोहवून बघेन. बाहेरचा टॅग इथे नकोच. खाली उकाई धरणाच्या फुगवट्यात भोयांची जाळी पडलेली असतात. पाठीवरचा टॅग जाळ्याच्या डोळ्यात अडकणार, एरवी निसटला असता तो मासाही सापडणार, आणि अहवालात आम्ही लिहिणार की उकाईत मासेमारी फार होते.