पहिला नारळ कोणाला? प्रीमियर लीगच्या मॅनेजरांबद्दलचा अंदाज कसा बांधायचा

इंग्लिश प्रीमियर लीग या फुटबॉल स्पर्धेचा मोसम जवळ आला की २० मॅनेजरांपैकी पहिला नारळ कोणाच्या हातात पडणार याचे अंदाज सुरू होतात. बहुतेक जण गेल्या वर्षीचा गुणतक्ता उघडतात आणि खालच्या विभागातून नुकत्याच वर आलेल्या तीन क्लबांपैकी एक नाव उचलतात. सुरुवात म्हणून हे ठीक आहे. २०१३ ते २०२५ या १३ मोसमांत सर्वांत आधी काढलेल्या मॅनेजरांपैकी योकानोविच (फुलम, २०१८), बिलिच (वेस्ट ब्रॉम, २०२०), मुन्योस (वॉटफर्ड, २०२१), पार्कर (बोर्नमथ, २०२२) आणि हेकिंगबॉटम (शेफिल्ड युनायटेड, २०२३) हे पाच जण बढती मिळालेल्या क्लबांचेच होते. पण उरलेले आठ तसे नव्हते, आणि अंदाज चुकतो तो तिथेच.

याच यादीत दुसरी एक गोष्ट जास्त ठळक दिसते. १३ पैकी ११ जण आधीच्या मोसमापासून त्याच खुर्चीत होते. उन्हाळ्यात नव्याने आलेले दोघेच, २०१४ चे नील वॉर्नॉक आणि २०१७ चे फ्रँक डी बूर, आणि दोघेही क्रिस्टल पॅलेसचे. नवा माणूस मालकाने स्वतः निवडलेला असतो. त्याला महिन्याभरात काढणं म्हणजे स्वतःची निवड चुकल्याची जाहीर कबुली. जुन्या माणसाबद्दलचं मन मात्र पुष्कळदा मे-जूनमध्येच अर्धं फिरलेलं असतं आणि ऑगस्टचे सामने फक्त निमित्त पुरवतात. म्हणून गुणतक्त्यापेक्षा मालकाचा उन्हाळा वाचावा, हे माझं ठाम मत आहे.

मँचेस्टर युनायटेडचंच पाहा. मे २०२४ मध्ये एफए कप (इंग्लंडची बाद पद्धतीची चषक स्पर्धा) जिंकल्यानंतरही एरिक टेन हाग यांच्या कामाचा आढावा घेतला गेला, मग त्यांना ठेवलं आणि जुलैत करार २०२६ पर्यंत वाढवला. २८ ऑक्टोबरला, ९ सामन्यांत ११ गुण आणि १४वं स्थान अशा अवस्थेत, ते गेले. नुनो एस्पिरितो सान्तो यांनी नॉटिंगहॅम फॉरेस्टला सातव्या स्थानावर आणलं, क्लब ३० वर्षांनी युरोपीय स्पर्धेत पोचला, जून २०२५ मध्ये २०२८ पर्यंतचा करार झाला. ऑगस्टमध्ये पत्रकारांसमोर त्यांनी मालकाशी नातं पूर्वीसारखं राहिलं नसल्याचं सांगितलं आणि ९ सप्टेंबरला, तीनच सामने झालेले असताना, त्यांना काढलं. तीन सामन्यांत ४ गुण होते. फक्त तक्ता पाहणाऱ्याला हा निर्णय आधी दिसणं शक्यच नव्हतं. करारवाढ म्हणजे सुरक्षितता असं कधीही धरू नका.

मोठ्या पराभवाचं वजनही लोक चुकीचं धरतात. २०२२ मध्ये लिव्हरपूलकडून ०-९ हरल्यावर तीन दिवसांत पार्कर गेले, त्यामुळे नऊ गोलांनी त्यांचा घात केला असं सांगितलं जातं. पण साउथहॅम्प्टन ऑक्टोबर २०१९ मध्ये लेस्टरकडून घरच्या मैदानावर ०-९ हरलं, फेब्रुवारी २०२१ मध्ये मँचेस्टर युनायटेडकडून पुन्हा ०-९, तरी राल्फ हासेनह्यूट्ल नोव्हेंबर २०२२ पर्यंत टिकले. फरक बोलण्यात होता. पार्कर यांनी आपला संघ या पातळीसाठी तोकडा असल्याचं उघड सांगितलं होतं, आणि क्लबच्या निवेदनात एकमेकांवरचा विश्वास आणि आदर यांचा उल्लेख आला. खेळाडूंच्या खरेदीवरून मॅनेजर जाहीरपणे तक्रार करू लागला की त्याचं नाव यादीत वर सरकवा, मग गुण कितीही असोत.

मी २० क्लबांसाठी पाच रकाने आखायला सांगेन; जास्त गुण म्हणजे नारळाचा जास्त धोका. मालकाचा इतिहास ० ते ३. उन्हाळ्यातली अवस्था (आढावा, दुसऱ्या मॅनेजरशी बोलणी, नवा फुटबॉल संचालक) ० ते ३. जाहीर कुरबुर ० ते ३. पहिले पाच-सहा सामने ० ते २. हाताशी असलेला बदली माणूस ० ते २. बेरीज १३ पैकी. या बेरजेतून एकच नाव मिळणार नाही, वरची चार-पाच नावं मिळतील, आणि तेवढ्यावर थांबणंच प्रामाणिकपणाचं.

मालकाच्या रकान्यात वॉटफर्डला पूर्ण ३ पडायचे. हावी ग्रासिया यांनी मे २०१९ मध्ये संघाला एफए कपच्या अंतिम सामन्यापर्यंत नेलं आणि ७ सप्टेंबरला, चार सामन्यांनंतर, ते बाहेर होते. त्याच मोसमात वॉटफर्डने आणखी दोघांना काढलं. उलट टोकाला बर्नली: शॉन डाइच २०१२ पासून एप्रिल २०२२ पर्यंत राहिले, मधल्या २०१५ मध्ये क्लब खालच्या विभागात घसरल्यानंतरसुद्धा.

सामन्यांच्या रकान्यात कठीण प्रतिस्पर्ध्यांना जास्त गुण देण्याची चूक होते. मँचेस्टर सिटी, आर्सेनल, लिव्हरपूल यांच्याशी हरणं मालकाने आधीच गृहीत धरलेलं असतं. जिव्हारी लागतो तो सोप्या वाटणाऱ्या सामन्यातला पराभव. डी बूर यांचा पॅलेस पहिल्याच दिवशी घरच्या मैदानावर नवख्या हडर्सफील्डकडून ०-३ हरला, पुढचे तीनही सामने गेले, एकही गोल नाही, आणि ११ सप्टेंबरला खेळ संपला. त्यांच्या जागी आलेल्या रॉय हॉजसन यांचेही पहिले तीन लीग सामने गोलशून्य पराभवाचेच होते, तरी तो संघ शेवटी ११वा आला. चार सामन्यांवरून संघ ओळखता येत नाही हे खरं, पण आपल्याला अंदाज मालकाच्या धीराचा बांधायचा आहे.

बदली माणसाचा रकाना बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. १३ पैकी ६ वेळा नवा मॅनेजर त्याच दिवशी जाहीर झाला: बॉब ब्रॅडली, रानिएरी, सांचेस फ्लोरेस, ॲलर्डाइस, वाइल्डर, पोस्टेकोग्लू. यांतले फ्लोरेस आणि वाइल्डर त्याच क्लबचे जुने मॅनेजर. तेव्हा कोण मोकळा आहे आणि कोणाची त्या क्लबशी किंवा मालकाशी जुनी ओळख आहे, याची यादी शेजारी ठेवा.

बुकमेकरांचे (पैजा घेणाऱ्या कंपन्यांचे) भाव माहिती म्हणून जरूर पाहा. (भारतात २०२५ च्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे, तेव्हा ते फक्त वाचण्यापुरते.) ३/१ भाव म्हणजे चारात एक, २५ टक्के. सगळ्या नावांचे टक्के मिळवले की बेरीज शंभरावर जाते, कारण त्यात बुकमेकरचा नफा असतो. बेरीज १२५ आली तर २५ ला १२५ ने भागा, खरा अंदाज २० टक्के. आणि प्रश्न नीट वाचा: ‘पद सोडणारा पहिला’ की ‘काढलेला पहिला’? ४ ऑक्टोबर २०१५ ला सकाळी डिक ॲडव्होकाट यांनी संडरलंडचा राजीनामा दिला आणि संध्याकाळी लिव्हरपूलने ब्रेंडन रॉजर्स यांना काढलं. एका दिवसात दोन प्रश्नांची दोन वेगळी उत्तरं.

तारखेचा अंदाज नावापेक्षा सोपा. १३ पैकी ९ वेळा पहिला नारळ ऑक्टोबर संपायच्या आत मिळाला. २०१५, २०१६, २०१८, २०१९, २०२१ आणि २०२५ मध्ये तो राष्ट्रीय संघांच्या सामन्यांसाठी लीग थांबत किंवा थांबलेली असताना मिळाला, कारण नव्या माणसाला सरावाला दहा-बारा दिवस मोकळे सापडतात. मात्र २०२६ पासून फिफाच्या वेळापत्रकात सप्टेंबर आणि ऑक्टोबरच्या दोन सुट्ट्यांची मिळून एकच १६ दिवसांची सुट्टी झाली आहे. २०२६ मध्ये ती २१ सप्टेंबर ते ६ ऑक्टोबर अशी आहे, आणि लीग सुरू होते ऑगस्टच्या चौथ्या शनिवारच्या सुमारास. म्हणजे तीन-चार सामन्यांनंतर येणारी ती जुनी धोक्याची सुट्टीच आता नाही. माझ्या हिशेबाने २०२६ च्या अंदाजात तारीख लिहायची ती सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारनंतरच्या सोमवार-मंगळवारची.