वावर विकू नका

सिकलसेल म्हणजे रक्ताचा जन्मजात आजार, तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. आमच्या सिकलसेल ओपीडीत गडचिरोली-भंडाऱ्याकडून पहाटेच्या एसटीने निघालेली माणसं अकराच्या सुमारास पोचतात आणि मग श्वास घ्यायला फुरसत नसते. त्या दिवशी एका बापाने केसपेपरच्या आधी मोबाइलच पुढे केला.

"मॅडम, हे पाहा न जी. एकदा इंजेक्शन घेतलं का बिमारी खतम म्हणते. तीन एकर वावर हाय, गिऱ्हाईकही पाहून ठेवलं."

व्हिडिओ कॅसजेव्ही या सिकलसेलवरच्या नव्या जनुकीय उपचाराचा होता. खोटा नव्हता, फक्त अर्धा होता. अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये १२ वर्षं आणि त्यावरच्या रुग्णांसाठी या उपचाराला मंजुरी मिळाली. रुग्णाच्याच मूळपेशी काढून त्यांच्यात जनुकीय बदल करतात, म्हणजे पेशी वाकू न देणारं बाळपणीचं हिमोग्लोबिन पुन्हा तयार व्हायला लागतं. चाचणीतल्या ३१ पैकी २९ जणांना सलग वर्षभर तीव्र वेदनेचा झटका आला नाही. हे थोडं नाही. पण व्हिडिओत केमोथेरपी नव्हती. बदललेल्या पेशींना जागा करायला हाडांतली जुनी मज्जा जाळावी लागते, त्यात पुढे मूल न होण्याचा धोका असतो. किंमतही नव्हती: मंजुरीच्या वेळी २२ लाख डॉलर, तेव्हाचे साधारण १८ कोटी रुपये. बाप किमतीवर हसला. मूल होण्याच्या गोष्टीवर मात्र त्याने पोरीकडे बघितलं आणि फोन खिशात टाकला.

पोरगी चौदा वर्षांची, डोळे पिवळट. मी तिचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीचा रिपोर्ट काढला. सिकलसेलवरची जुनी कॅप्सूल हायड्रॉक्सियुरिया नियमित घेतली की तांबड्या पेशी आकाराने मोठ्या होतात, त्यांच्या सरासरी आकाराचा आकडा, एमसीव्ही, चढतो. हिचा वर्षभर जागचा हलला नव्हता. म्हणजे कॅप्सूल कागदावर होती, पोटात नव्हती.

"काहून नाही घेत?"

"तिकडे कधी राहते, कधी नाही राहत. अन् रक्त तपासाले इकडे यावं लागते. एक खेप म्हणजे दोघाचं भाडं, वरून मजुरी बुडते."

गंमत बघा, ही जुनी स्वस्त कॅप्सूलही तेच बाळपणीचं हिमोग्लोबिन वाढवते. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तिने झटके जवळपास निम्म्यावर आणले होते. केसपेपरच्या मागे मी हिशेब मांडला. औषध, तपासण्या आणि एसटीचं भाडं धरून माणशी वर्षाला १० हजार लावले, तरी १८ कोटींत १८ हजार रुग्णांचं वर्ष निघतं. नव्या उपचाराची तुलना आपण 'काहीच नाही' याच्याशी करतो, म्हणून तो चमत्कार वाटतो. ती नीट पोचलेल्या कॅप्सूलशी करायला हवी. आणि कॅप्सूलचा खरा खर्च कॅप्सूलमध्ये नाहीच, तो रस्त्यात आहे.

तेवढ्यात पोरीने विचारलं, "मग मी जलमभर गोळ्याच खायच्या का?"

या प्रश्नाला माझा हिशेब पुरत नाही. १८ हजार हा आकडा सरकारने पैसा कुठे घालावा हे सांगतो, या एका मुलीला तो काय सांगणार? कॅप्सूल सगळ्यांना सारखी लागूही पडत नाही. शिवाय कॅन्सरचं औषध म्हणून हायड्रॉक्सियुरियालाही लोक बिचकायचेच. उद्या हा जनुकीय उपचार स्वस्त झाला तर मी पहिली रांगेत उभी राहीन.

मी तिला खरं तेच सांगितलं: आज ते तुझ्या आवाक्यात नाही, पण मधला एक रस्ता आहे. सख्ख्या भावाची अस्थिमज्जा जुळली तर ती तुझ्यात बसवता येते; जुळण्याची शक्यता चारात एक असते. भाऊ वाहक असला, म्हणजे दोष अंगात पण आजार नाही असा, तरी चालतं. त्याचा खर्च कोटींत नाही, लाखांत जातो आणि मदतीसाठी अर्ज करता येतात. धोके आहेतच, केमोथेरपीचा तोच धोका इथेही आहे, तेही सांगितलं.

तीन महिन्यांच्या कॅप्सूल एकदम लिहून दिल्या. सीबीसी तालुक्यालाच करून रिपोर्टचा फोटो पाठवायचा, असं ठरलं. भावाला पुढच्या खेपेला आणायला सांगितलं.

"अन् वावर?"

"सध्या विकू नका."

"गिऱ्हाईकाले काय सांगू?"

"हरभरा निघेपर्यंत थांब म्हणा."