तिसऱ्या हंगामातली दोन शिंगरं

आमच्या पागेत लोकांच्या घोड्या व्यायला येतात. पहिले दोन हंगाम सरळ गेले. तिसऱ्याने मात्र आम्हाला जवळजवळ टाळं लावायला लावलं.

त्या साली एकाच पंधरवड्यात दोन शिंगरं गेली. दोन्ही जन्मली धडधाकट. तासाच्या आत उभी राहिली, दोन तासांच्या आत सडाला लागली, घोड्यांची वारही तीन तासांच्या आत पूर्ण पडली. 1-2-3 चा हिशेब जुळला म्हणून आम्ही निर्धास्त झोपलो. तिसऱ्या दिवशी पहिल्याने दूध सोडलं. गुडघ्याचा सांधा सुजून गरम झालेला. दुसरंही त्याच वाटेने गेलं. रक्त तपासल्यावर कळलं की त्यांच्यात प्रतिपिंडं जवळपास नव्हतीच. दोन्ही घोड्यांचा चीक व्यायच्या आधी चार-पाच दिवस गळत होता. आम्ही तो पाहिला होता, आणि घोडीला दूध भरपूर आहे म्हणून खूषही झालो होतो.

घोडीच्या पोटात असताना वारेतून शिंगराला प्रतिपिंडं मिळत नाहीत. ती मिळतात चिकातून, आणि शिंगराचं आतडं ती जेमतेम 24 तास शोषून घेतं. त्यातलेही पहिले सहा-आठ तास खरे कामाचे. हे आम्हाला माहीत असायला हवं होतं.

याच वेळी धंद्यातल्या एका पागावाल्याने डाव साधला. ‘त्यांच्याकडे साथ आहे, घोडी पाठवू नका,’ असं तो प्रत्येकाला सांगत सुटला. साथ नव्हती. तपासणीचे कागद माझ्याकडे होते, आजही आहेत. पण ते बघायला कोणी आलं नाही. पुढच्या हंगामासाठी ठरलेल्या 11 घोड्यांपैकी 9 परत गेल्या. दोन वर्षांनी त्याच माणसाची घोडी व्याल्यावर मेली. रात्री त्याच्या शिंगराला पाजलेला चीक आमच्याच फ्रीजरमधून गेला. त्यानंतर त्याचा एक शब्दही आला नाही, हे मी विसरलेलो नाही.

राहिलेल्या दोन घोड्या एकाच गृहस्थांच्या. गेलेल्यांपैकी एक शिंगरू त्यांचंच होतं. ते आले, घोडीच्या मानेवरून बराच वेळ हात फिरवत राहिले. म्हणाले, “हिला पुढच्या वर्षी इथेच ठेवायचं. फक्त चुकलं काय, ते मला नीट सांगा.” मी सगळं सांगितलं, झोपलो होतो हेसुद्धा.

त्याच महिन्यात रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे चिकाचा कस मोजायचं यंत्र घेतलं. काचेवर चिकाचे दोन थेंब टाकायचे, झाकण दाबायचं, उजेडाकडे धरायचं. निळ्या-पांढऱ्याची रेघ 23 च्या खाली दिसली की चीक कमकस, मग फ्रीजरमधली साठवलेल्या चिकाची बाटली बाहेर. डोळ्याला लावायचं रबर मी दोनदा बदललंय, यंत्र तेच आहे. बाटल्या उणे 20 ला ठेवतो आणि कोमट पाण्यातच वितळवतो. मायक्रोवेव्हमध्ये कधीही टाकू नका, त्यात प्रतिपिंडं खराब होतात.

सांगायला लागलोच आहे तर आणखी थोडं. नाळ कापू नका, ती आपसूक तुटते. मग 0.5 टक्का क्लोरहेक्सिडिनमध्ये बुडवा. कडक आयोडीनने कातडी जळते. आणि घोडी व्यायला लागल्यावर पांढुरक्या पिशवीऐवजी लाल मखमली पिशवी दिसली तर डॉक्टरांची वाट पाहू नका. वार आधीच सुटलेली असते, शिंगराला प्राणवायू मिळत नसतो. पिशवी त्या क्षणी फाडा आणि शिंगरू बाहेर काढा. नव्या मोतद्दाराला आमच्याकडे हे पहिल्या दिवशी शिकवतात, खरारा नंतर.

मधली वर्षं कामात गेली.

यंदा त्याच घोडीची लेक व्याली. शिंगरू पहाटे 2:40 ला उभं राहिलं, 3:15 ला पहिला घोट घेतला. चीक 26. गृहस्थांना आता पागेपर्यंत येणं जमत नाही, म्हणून उजाडताच फोन केला. आकडा ऐकून ते क्षणभर गप्प राहिले.

“आणि रक्त कधी तपासणार?”

“आज रात्री,” मी म्हणालो. “प्रतिपिंडांचा आकडा 800 च्या वर आला की लगेच कळवतो.”