केटी लागलेल्या मुलीची शिफारस

नोव्हेंबर उजाडला की आमच्या स्टाफरूमकडे माजी विद्यार्थ्यांचे पाय वळतात. अमेरिकेतल्या पीएचडीच्या अर्जांची मुदत बहुतेक ठिकाणी डिसेंबरात संपते आणि शिफारसपत्रं लागतात तीन. मागायला येतात ते सहसा पहिल्या बाकावरचे. ही मात्र मार्कशीटची फाइल छातीशी धरून आली आणि बसायच्या आधीच म्हणाली, "मॅडम, मला दोन केट्या लागल्या होत्या. आठवतं ना?"

आठवत होतं. केटी म्हणजे नापास झालेला विषय, पुढच्या वर्गात जाऊन पुन्हा द्यायचा. एफवायला उत्तम, एसवायला धाडकन खाली. मालाडच्या कॉल सेंटरात रात्रपाळी करून पोरगी सकाळी सातच्या लेक्चरला यायची, म्हणजे यायचीच नाही. एक केटी अर्थशास्त्रात, दुसरी फाउंडेशन कोर्सला. फाउंडेशन कोर्सला केटी लावून घ्यायला वेगळीच प्रतिभा लागते, पण असो. टीवायला सावरली आणि एमएला इतिहासात चमकली.

आता सगळं संपलं, असं मैत्रिणींनी तिच्या डोक्यात भरवलेलं. तसं काही नसतं. आपल्याकडे प्राध्यापकीच्या नेट परीक्षेलासुद्धा खुल्या गटासाठी ५५ टक्के लागतात ते एमएचे. तिकडे बीएचे मार्क बघतात, नाही असं नाही. पण इतिहास-साहित्याच्या बऱ्याच विभागांनी जीआरई ही प्रवेशपरीक्षा काढून टाकल्यापासून सगळी भिस्त एसओपी (आपल्या अभ्यासाचा हेतू सांगणारा निबंध), शिफारसपत्रं आणि लेखनाच्या नमुन्यावर आली आहे.

एसओपी वाचली. दोन पानांतलं पाऊण पान माफीनामा. घरची ओढाताण, रात्रपाळी, जागरणं. सगळं खरं आणि सगळं अस्थानी. मी पेन्सिलीने काट मारली.

"हे दोन ओळींत उरक. बाकीचं मी माझ्या पत्रात लिहिते. तू सांगितलंस तर रडगाणं वाटेल."

"मग या जागेत काय लिहू?"

"आजीची वही."

तिची आजी लालबागला खानावळ चालवायची. लाल कापडी बांधणीची लांबोडकी वही, कडांना तेलाचे डाग. डावीकडे मेंबरांची नावं, पुढे रोजचे चौकोन, खाड्याला फुली. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्यानंतरच्या पानांवर फुल्या वाढत नाहीत, हे तिने हेरलं होतं. जेवणं चालूच होती. कोरी पडली होती ती जमेची बाजू. पुढे एकेका नावासमोर आजीने नुसतं 'गावी' लिहिलंय. संपाचे पुढारी दत्ता सामंत यांच्या अंगाने त्या संपावर भरपूर लिहून झालंय. संप कोणाच्या उधारीवर जेवला, ते ही मुलगी मोजत होती.

शेजारच्या टेबलावर अर्थशास्त्राचे सर पेपर तपासत होते. "मॅडम, केटीवाल्यांना पत्रं दिलीत तर आपल्या हुशार मुलांच्या पत्रांना उद्या कोण विचारेल?" मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता. ऑनलाइन फॉर्मवर विचारतात, विद्यार्थी वरच्या पाच टक्क्यांत की दहा की आणखी खाली. संशोधनाची कुवत या रकान्यात मी तिला सगळ्यात वर ठेवलं, सातत्यात दोन पायऱ्या खाली. सगळीकडे पहिल्याच चौकोनात खूण केलेला फॉर्म कोणी खरा मानत नाही.

एक पत्र एमएच्या गाइडचं, एक माझं. तिसरं टीम लीडरकडून घ्यायचा तिचा बेत होता. मी साफ नको म्हटलं. टार्गेट पूर्ण केल्याचं सर्टिफिकेट इतिहासाच्या विभागाला काय करायचंय? मी शेजारच्या टेबलाकडे खूण केली.

ती दचकली. "मॅडम, त्यांच्याच पेपरला तर..."

"म्हणूनच. केटी सोडवताना त्याच पेपरला किती पाडलेस, ते त्यांना ठाऊक आहे. आणि तुझे उधारीचे तक्ते त्यांच्याइतके कडक कोण तपासणार?"

सरांनी मान वर केली नाही. लाल पेन चालूच होतं. "आधी ती वही आण इकडे," ते म्हणाले, "आणि येणं बाकी किती होतं, त्याची महिन्यावार बेरीज केलीस का?"