आमची वाटचाल : उद्यमनगरातला गाळा ते फायरवॉलचं काम

२००९ साली कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आम्ही दोघा भावांनी भाड्याच्या गाळ्यात कॉम्प्युटर दुरुस्ती सुरू केली. गिऱ्हाईक सगळं जवळपासचं : मशीनशॉप, ओतकामाचे नमुने करणारे पॅटर्नवाले, शिरोली नि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्या. हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली बसवून द्यायचं, केबल ओढायची, प्रिंटर चालू करायचा.

मे २०१७ मध्ये वॉनाक्राय आला, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम. विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या भोकातून तो पसरत होता. ते भोक बुजवणारा मायक्रोसॉफ्टचा पॅच मार्चमध्येच आलेला, पण आमच्या बहुतेक गिऱ्हाइकांकडे अपडेट बंद. दारोदार फिरून आम्ही पॅच टाकले आणि निर्धास्त झालो.

पुढच्या पावसाळ्यात एका मशीनशॉपमधून फोन आला. सुट्टीनंतर अकाउंटंटनं कॉम्प्युटर लावला तर टॅली उघडेना, प्रत्येक फोल्डरमध्ये खंडणीची चिठ्ठी. मालकांना घरून टॅली बघता यावी म्हणून राउटरवर ३३८९ नंबरचा पोर्ट, म्हणजे बाहेरून तो कॉम्प्युटर चालवायची वाट, आम्हीच उघडून दिला होता. पासवर्ड कंपनीचं नाव आणि पुढे १२३. बॅकअपची हार्डडिस्क कायम त्याच मशीनला जोडलेली, त्यामुळे तीही गेली. मालकांनी खंडणी दिली नाही. सीएंकडे गेलेली आधीच्या महिन्याची प्रत मिळाली, आणि पुढची २४ दिवसांची बिलं बिलबुकावरून चढवायला आम्ही चार रात्री अकाउंटंटसोबत बसलो. त्याचे पैसे घ्यायचा प्रश्नच नव्हता. मालक आम्हाला एका शब्दानं बोलले नाहीत, आणि तेच आजही मनाला लागून आहे.

पहिला फायरवॉल, म्हणजे इंटरनेट आणि आतल्या नेटवर्कमधला पहारेकरी, त्यांच्याचकडे बसवला. जुन्या डेस्कटॉपला दुसरं लॅनकार्ड लावून त्यावर पीएफसेन्स हे फायरवॉलचं सॉफ्टवेअर टाकलं, ते फुकट मिळतं. बाहेरून येणारं सगळं मुळातच बंद असतं. खरं काम त्यापुढचं : आत कुणाला कुठे जायची गरज आहे, हे एकेकाला विचारून लिहून काढणं. आमची दोन दुपारं त्यातच गेली. ऑफिसला जीएसटी, ई-वे बिल, बँक. नेटवर्कमध्ये कॅमेऱ्यांचा वेगळा कप्पा, पाहुण्यांच्या वायफायचा वेगळा. कॉम्प्युटरवर चालणाऱ्या सीएनसी मशीनच्या पॅनेलवर विंडोज एक्सपी, ज्याचे अपडेट २०१४ सालीच थांबले, आणि मशीन बदलणं परवडणारं नाही. म्हणून त्या मशीनना फक्त प्रोग्रॅम ठेवलेला एक पीसी दिसतो, इंटरनेट नाही.

मालक म्हणाले, “दादा, मग मी घरातनं टॅली कशी बघू?” त्यांच्यासाठी व्हीपीएन, म्हणजे घरून ऑफिसपर्यंतची कुलूपबंद वाट, केलं, आणि तिथंच आम्ही आठवडाभर अडकलो. इंटरनेटवाल्याचं कनेक्शन एकाच पब्लिक आयपीवर, म्हणजे इंटरनेटवरच्या एकाच पत्त्यावर, अनेकांना बसवणारं निघालं. बाहेरून आमच्यापर्यंत वाटच नव्हती. शेवटी स्टॅटिक आयपी, म्हणजे एकट्याचा न बदलणारा पत्ता, घेतला, इंटरनेटवाल्याचा राउटर ब्रिज मोडवर टाकला, म्हणजे तो नुसता मधला दुवा राहिला, तेव्हा कुठे जमलं. फायरवॉलचे नियम वरून खाली वाचले जातात आणि जो पहिला जुळेल तोच लागू होतो, हेही तिथंच शिकलो. ‘सगळं बंद’चा नियम चुकून वर राहिला आणि पगाराच्या दिवशी बँकेची साइट उघडेना.

फौंड्रीत निराळाच त्रास. काळी वाळू पंख्यात जाऊन सहा महिन्यांत डेस्कटॉप बंद पडायचा, वीज गेली की डिस्क खराब व्हायची. आता पंखा नसलेला छोटा बॉक्सच बसवतो, सोबत वेगळा यूपीएस. किंमत ऐकून गिऱ्हाईक कुरकुरतं, पण आम्ही त्यात तडजोड करत नाही.

एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेचे निर्देश आले : लॉग, म्हणजे नेटवर्कवरच्या हालचालींच्या नोंदी, १८० दिवस ठेवायचे, सायबर हल्ल्यासारखी घटना सहा तासांत कळवायची. तेव्हापासून लॉग दुसऱ्या मशीनवर साठवतो आणि दर सोमवारी माझा भाऊ ते वाचतो. बॅकअपची एक डिस्क काढून कपाटात ठेवायची आणि तीन महिन्यांनी त्यातून टॅली उघडून बघायची, हे प्रत्येक करारात लिहिलेलं असतं.

त्या मशीनशॉपच्या नेटवर्क कपाटाच्या दारावर आतून नियमांचा कागद चिकटवलेला आहे. परवा त्याच अकाउंटंटचा फोन आला : नवा प्रिंटर आलाय, कुठल्या कप्प्यात लावू?